नाव कमी केल्याचा दाखला

जानेवारी २०२५ मध्ये पारोळा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक शेतकऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. वय अठ्ठावन्न. त्या रात्री त्यांच्या घरात आरोग्य विम्याचे तीन आधार होते: राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, हप्ते भरून घेतलेली खाजगी पॉलिसी, आणि जळगावच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलाच्या पगारातून कापला जाणारा ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, वाटा. सकाळ उजाडेपर्यंत तिघांपैकी एकही कामी आला नाही. घरात रचून ठेवलेला अठरा क्विंटल कापूस मात्र दुपारपर्यंत विकला गेला होता.

मी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. या कुटुंबाचे बरेचसे कागद माझ्याच हातून गेले आहेत, त्यामुळे प्रकरण मला पहिल्या अर्जापासून माहीत आहे. त्यात एक चूक माझी आहे, तीही इथे लिहिणार आहे. माणसांची नावं, गाव, दवाखाना, विमा कंपनी यांपैकी काही दिलेलं नाही. त्यांना मी एरवी म्हणतो तसं आप्पा आणि काकू म्हणेन.

चुली वेगळ्या, कार्ड एकच

आप्पांची पाच एकर जमीन, बहुतेक कोरडवाहू. एका विहिरीला पाणी असतं ते दिवाळीपर्यंत. दोघे भाऊ वीस वर्षं एकाच वाड्यात राहिले आणि वडिलांच्या वेळचं केशरी रेशनकार्ड दोघांचं एकत्रच चाललं. कार्डावर अकरा नावं होती. २०२४ च्या पावसाळ्यात वाटणी झाली. भांडण वगैरे काही नव्हतं, मुलं मोठी झाली, घर पुरेना, एवढंच. वाटणी झाली की कार्ड वेगळं करावं लागतं. त्यासाठी आधी जुन्या कार्डातून नावं कमी करायची, तसा दाखला घ्यायचा, आणि त्या दाखल्यावर नव्या कार्डाचा अर्ज करायचा.

नोव्हेंबरात आप्पा माझ्याकडे आले. आप्पा, काकू, मुलगा आणि सून अशी चार नावं कमी करायचा अर्ज भरला. ५ डिसेंबरला नावं कमी झाली आणि तहसीलच्या पुरवठा शाखेतून दाखला मिळाला. त्याच आठवड्यात नव्या कार्डाचा अर्जही टाकला. आप्पांच्या डोक्यात काम झालं होतं. माझ्याही.

अर्जात गॅसच्या पुस्तकाची झेरॉक्स पुसट निघाली होती. त्यावर त्रुटी निघाली, अर्ज परत आला. तसा मेसेज गेला तो माझ्या मोबाईलवर, कारण अर्जात नंबर माझा टाकलेला होता. आप्पांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला, म्हणून ओटीपीची अडचण नको या हिशेबाने मी आपला नंबर टाकला होता. केंद्र चालवणारे अनेक जण असंच करतात. दिवसाला साठ-सत्तर मेसेज येतात. त्यातला हा एक माझ्याकडून पाहायचा राहिला.

म्हणजे ५ डिसेंबरपासून हे चार जण सरकारी यादीत कुठेच नव्हते. जुन्या कार्डावरून उतरले होते, नव्यावर चढले नव्हते. रेशन दुकानात त्यांना हे कळलंही नाही, कारण धान्य जुन्या कार्डावर भावाकडून येत होतं आणि दोघे मापून वाटून घेत होते.

शनिवारची रात्र

१८ जानेवारीला, शनिवारी, जेवण झाल्यावर आप्पांना छातीत जळजळ सुरू झाली. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली होती, तेव्हा सगळ्यांना वाटलं पित्त असेल. काकूंनी ओवा दिला. साडेदहाला डावा हात भरून आला आणि घामानं सदरा भिजला. पुतण्यानं शेजारच्याची बोलेरो काढली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टरांनी लगेच ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या दिल्या, रेफर लिहिलं आणि अँजिओग्राफीची सोय असेल तिथे ताबडतोब न्या म्हणून सांगितलं. इथवर एक रुपयाही लागला नाही आणि जे करायला हवं ते वेळेत झालं. पुढच्या सगळ्या गोंधळात हे विसरलं जातं, म्हणून वेगळं लिहितो. १०८ गाडी बाळंतपणाची केस घेऊन गेली होती. वाट न पाहता तीच बोलेरो पुढे निघाली.

पारोळ्याहून धुळं जवळ, जळगाव त्याच्या दीडपटीहून लांब. तरी गाडी जळगावकडे वळली, कारण मुलगा जळगावात होता. रात्री अनोळखी शहरात माणूस घेऊन जायचं तर ओळखीचं कुणीतरी तिकडे उभं असावं, हा आपल्याकडचा पहिला विचार असतो. एरंडोल मागे पडेपर्यंत काकू गाडीत देवाचं नाव घेत होत्या आणि पुतण्या मुलाला फोनवर सांगत होता, कागद आणतो आहे, पिशवी संग शे, म्हणजे बरोबर आहे.

त्या पिशवीत काय होतं ते मी नंतर पाहिलं. आप्पांचं आणि काकूंचं आधार, जुन्या कार्डाची झेरॉक्स, नाव कमी केल्याचा दाखला, पॉलिसीची फाईल, सातबारा आणि पासबुक. खेड्यातलं घर दवाखान्यात निघतं तेव्हा असतील नसतील ते सगळे कागद बरोबर घेतं, कारण कोणता मागतील हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

काउंटरवर

खाजगी दवाखाना योजनेच्या यादीतला होता. आत तसा फलक होता. आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णाला योजनेत मदत करणाऱ्या माणसाचं, टेबलही होतं, त्यावर माणूस नव्हता. रात्रीचा एक वाजला होता. बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलानं जुन्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून पाहिला. सात नावं आली. आप्पांचं नव्हतं.

आप्पांच्या मुलानं मला फोन केला तेव्हा एक चाळीस झाले होते. "भाऊ, आप्पांचं नाव दिसत नहीं." मी अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडला आणि पाहिलं. मग आठवलं. दाखला दाखव म्हटलं. त्यानं दाखवला. खिडकीवरच्या मुलानं तो वाचला आणि परत दिला. म्हणाला, यात तर नाव काढलं असं लिहिलं आहे.

त्याचं वाचणं बरोबर होतं. त्या कागदाचा अर्थ तोच होतो. आम्ही ज्याला नव्या कार्डाची पहिली पायरी समजत होतो, तो त्या खिडकीवर माणूस योजनेत नसल्याचा पुरावा ठरला.

मी तेव्हा काय सांगायला हवं होतं ते आता मला पक्कं माहीत आहे. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची तरतूद या योजनेत आहे, कागदांची पूर्तता नंतर करता येते. १५५३८८ या नंबरवर फोन लावायचा, रुग्ण आत आहे, नाव कार्डावर चढायचं बाकी आहे, तहसीलचा दाखला आणि अर्जाची पावती हातात आहे, असं सांगायचं आणि तक्रारीचा नंबर मागायचा. मी मुलाला म्हणालो, "आता पैसे भरून घे, माणूस वाचव, सोमवारी बघू." माझ्या आवाजावर त्याचा विश्वास होता. माझ्या त्या एका वाक्याची किंमत त्या घरानं पुढे सहा महिने फेडली.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कुणाच्याच लक्षात आली नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ही योजना सगळ्या शिधापत्रिकाधारकांबरोबर अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांनाही लागू केली. कवच कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, उपचारांची संख्या १३५६ झाली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमल सुरू झाला. म्हणजे रेशनकार्ड हा एकच दरवाजा उरलेला नाही. पण अधिवास दाखला आप्पांकडे नव्हता. कशाला असेल? तो आम्ही काढतो मुलांच्या कॉलेज प्रवेशासाठी. शेतकरी म्हातारा होईपर्यंत त्याला तो दाखला कुणी मागत नाही.

पन्नास हजार डिपॉझिट मागितलं गेलं. पुतण्यानं एका कापूस व्यापाऱ्याला झोपेतून उठवून रक्कम खात्यावर मागवली, शेकडा तीन रुपये महिना व्याजानं. डिपॉझिट भरलं तेव्हा सह्यांचा गठ्ठा पुढे आला: दाखल करण्याची संमती, अँजिओची संमती, आयसीयूचे नियम. मुलानं नऊ ठिकाणी सह्या केल्या. त्यातला एक कागद असा होता, की आम्हाला योजनेची माहिती दिली आहे आणि आम्ही राजीखुशीनं योजनेबाहेर उपचार घेत आहोत. मुलगा बारावी शिकलेला आहे, वाचता येतं. पण बाप आत आणि पेन हातात असताना तो कागद कोण वाचणार?

पहाटे पाचच्या सुमारास अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट बसवला. आप्पा वाचले, बुधवारी, २२ तारखेला घरी आले. उपचारात कुठे कमी पडलं असं मी म्हणणार नाही.

सोमवार

२० जानेवारीला सकाळी दहा वाजता मी तहसीलच्या पुरवठा शाखेत उभा होतो. गॅसच्या पुस्तकाची स्वच्छ प्रत, दवाखान्याचा कागद आणि अर्जाची पावती ठेवली. तिथल्या कारकून ताईंनी वाचलं, कुणाला तरी फोन केला, आणि दुपारी बाराला चारही नावं नव्या केशरी कार्डावर आली. शेहेचाळीस दिवस अडकलेलं काम दोन तासांत झालं. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानले. घरी परतताना मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. हेच दोन तास डिसेंबरात मिळाले असते. मी तो मेसेज उघडला असता तर मिळाले असते.

दवाखान्यात नवा नंबर दिला. उत्तर आलं की शस्त्रक्रिया आधीच रोखीनं झाली आहे, आता योजनेत घेता येत नाही. या योजनेची रचनाच तशी आहे: पैसे सरकारकडून दवाखान्याला मिळतात, रुग्णानं भरून मागाहून परत मागायचे असं त्यात नाही. खिडकीवरचा एक तास हुकला की हुकला.

आम्ही तक्रार केली. योजनेच्या जिल्हा समन्वयकांनी दोन्ही बाजू बोलावल्या. दवाखान्यानं तो सहीचा कागद पुढे केला. मुलगा म्हणाला, सही माझी आहे, पण मला कुणी काही सांगितलं नव्हतं. दाखल होताना सिस्टीममध्ये रुग्ण पात्र दिसत नव्हता हेही खरंच होतं. तक्रार निकाली निघाली, पैसे परत मिळाले नाहीत. रात्री आरोग्यमित्र टेबलावर का नव्हता या प्रश्नावर दवाखान्याला समज दिली गेली.

दुसरा आधार: पॉलिसी

ही पॉलिसी आप्पांनी ऑगस्ट २०२२ मध्ये घेतली, पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी. कर्जाच्या कागदांबरोबर तीही पुढे आली. नवरा-बायकोला मिळून तीन लाखांचं कवच, वर्षाचा हप्ता १५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. तीन हप्ते भरले होते, एकूण ५३,१००. त्यात ८,१०० नुसता कर. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, ते फार चांगलं झालं. आप्पांचे तीन हप्ते त्याआधीचे.

मला लोक विचारतात, पाच लाखांची सरकारी योजना फुकट असताना यांनी एवढा पैसा का भरला? कारण गावानं एकदा कुणाला तरी योजनेच्या दवाखान्यातून परत आलेलं पाहिलेलं असतं. योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात खानदेशातला फक्त धुळे जिल्हा होता. जळगाव आणि नंदुरबारला ती २१ नोव्हेंबर २०१३ ला उरलेल्या राज्याबरोबर आली. मग २०१७ मध्ये नाव बदललं, पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली. गावातला माणूस अजून कुणी जीवनदायी म्हणतो, कुणी आयुष्मान म्हणतो, आणि कार्ड नेमकं कोणतं दाखवायचं यात अडतो. आप्पांच्या मनात एवढंच होतं की पैसे भरलेले असले की कुणी नाही म्हणणार नाही.

कंपनीनं कॅशलेस नाकारलं, आणि फेब्रुवारीत दावाही नामंजूर केला. कारण दिलं: रक्तदाबाचा आजार पाच वर्षांपासून होता, पॉलिसी घेताना लपवला. हे पाच वर्षं आलं कुठून? दवाखान्याच्या केसपेपरवर दाखल करताना लिहिलेलं होतं, केसीओ एचटीएन, पाच वर्षं. म्हणजे रक्तदाबाचा जुना रुग्ण. रात्री दीड वाजता डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी कधीपासून? पुतण्यानं उत्तर दिलं, असतील चार-पाच वर्षं. त्याला काय माहीत? त्यानं काकाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट पाहिलेलं, एवढंच.

या ठिकाणी मी हरलो होतो असं मला वाटलं. मार्ग काढला तो गावातल्या आशाताईंनी. त्या म्हणाल्या, आप्पांचं बीपी पहिल्यांदा आपल्याच उपकेंद्रात सापडलं होतं, मीच बोलावून आणलं होतं त्यांना. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म आशा भरतात, त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, घरातला आजार असं विचारून घेतात आणि मग रक्तदाब, साखर तपासायला पाठवतात. गावात या फॉर्मला कुणी मोजत नाही. पुरुष तर टाळतातच. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे त्याच उपकेंद्राच्या, नोंदवहीत सापडलं: १२ जानेवारी २०२३, १६०/१००. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर, त्यावर ॲम्लोडिपिन सुरू केल्याची नोंद आणि पहिलीच भेट असल्याचा शेरा. पॉलिसी घेतल्यानंतर पाच महिन्यांनी.

तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडमनी नोंदवहीच्या पानाची सही-शिक्क्याची प्रत दिली. ती जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तीस दिवस वाट पाहिली, समाधानकारक उत्तर आलं नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार दाखल केली. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, आणि कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. आप्पा माझ्या केंद्रात, माझ्याच खुर्चीवर बसले होते, टोपी घालून. त्यांना विचारलं, बीपीची गोळी कधी सुरू झाली? ते म्हणाले, "संक्रांतना वखतले. आशाबाईनी लई लई बलावं." समोरच्यांना अहिराणी कळली नसावी, मी सांगितलं की संक्रांतीच्या सुमारास, आशाताईंनी फार बोलावल्यावर. तारीख नोंदवहीशी जुळली.

निवाडा व्हायच्या आधीच कंपनीनं तडजोड केली. जुलै २०२५ मध्ये १,२१,३०० रुपये खात्यावर जमा झाले. बिल १,६४,००० होतं. खोलीभाड्याची मर्यादा आणि हातमोजे-सिरिंजसारख्या न मिळणाऱ्या वस्तू वजा करून एवढं निघालं.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी जुन्या आजाराच्या प्रतीक्षेची (ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही, त्याची) कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावर दावा नाकारता येत नाही. चांगले नियम आहेत. आप्पांची पॉलिसी तिसऱ्या वर्षात होती, दोन्हींचा उपयोग त्यांना नव्हता. त्यांच्या बाजूनं फक्त उपकेंद्रातलं एक पान होतं.

तिसरा आधार

यावर थोडंच लिहितो, कारण तो आधार उभाच राहिला नाही. मुलगा एका ठेकेदारामार्फत चटईच्या कारखान्यात, पगार १६,०००. ईएसआयसीची मर्यादा २१,००० असल्यामुळे तो त्यात बसतो. त्याचे ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये, दर महिन्याला कापले जात, मालकाचे ३.२५ टक्के वेगळे. अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं त्यात जोडता येतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, नोंदीत फक्त तो आणि बायको होती. आणि कामाला लागून आठच महिने झाले होते. कुटुंबातल्या माणसाला हृदयासारखे मोठे उपचार मिळायला नोकरीचं एक वर्ष भरावं लागतं. आता आई-वडिलांची नावं जोडली आहेत.

कापसाचा हिशेब

पैसे उभे कसे केले हे या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं. व्यापाऱ्याकडून पन्नास हजार आणले ते वर सांगितलं. रविवारी सकाळी त्याच व्यापाऱ्याचा माणूस काटा घेऊन घरी आला. आप्पांनी अठरा क्विंटल कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर द्यायचा म्हणून ठेवला होता. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातला हमीभाव ७,५२१ होता. पण केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी आणि मग काही दिवसांनी खात्यावर पैसे. दवाखान्याला ते चालत नाही. खेडा खरेदीत, म्हणजे दारात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, तो ६,७०० नं गेला. १,२०,६०० मिळाले. क्विंटलमागे ८२१ प्रमाणे १४,७७८ रुपये तिथे गेले. ते कोणत्याही बिलात दिसत नाहीत.

बिल १,६४,०००. बाहेरची औषधं, बोलेरोचं डिझेल, जळगावात नातेवाइकांचं खाणं-राहणं मिळून ११,०००. पन्नास हजारांवर सहा महिन्यांचं व्याज ९,०००. विम्याचे पैसे आल्यावरही बिलातले ४२,७०० अंगावर राहिले. कापसाची तूट धरून सगळं मिळून ७७,४७८ रुपये, एका अशा आजारावर, जो योजनेच्या यादीत आहे आणि ज्याला रुग्णाकडून एक पैसा घ्यायचा नाही असा नियम आहे. योजनेत दाखल रुग्णाला जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडंही मिळतं.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. ही घट खरी आहे आणि मोलाची आहे. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं मर्यादा घातली नसती तर आप्पांचं बिल आणखी फुगलं असतं. पण हमीभाव आणि खेडा खरेदीतल्या फरकाला आरोग्य खर्च म्हणून कोण धरणार?

मला काय वाटतं

दवाखान्यावर राग काढणं सोपं आहे, आणि त्या सहीच्या कागदावर माझा राग आहेच. रात्री दाखल होणाऱ्या रुग्णाकडून योजना नको असं लिहून घ्यायचं असेल तर त्यावर आरोग्यमित्राची सही आणि वेळ सक्तीची करावी, आणि आरोग्यमित्र नसेल तर टोल फ्री नंबरवर केलेल्या फोनचा नोंदणी क्रमांक. तो नसेल तर तो कागद ग्राह्य धरू नये. एवढा एक बदल पुरे आहे, नवा कायदा लागत नाही.

पण मूळ अडचण त्याच्या आधीची आहे. रेशनकार्ड धान्यासाठी जन्माला आलं. धान्यात महिन्याची तूट भावाकडून, शेजाऱ्याकडून भागते. हृदयाचा झटका उसना भागवता येत नाही. एवढी मोठी गोष्ट त्या कार्डावर टांगली, तर कार्डावरून नाव उतरवण्याची रीतही बदलायला हवी होती. आज नाव कमी करणं आणि नाव चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन अर्ज, दोन तारखा. मधल्या काळात माणूस कुणाचाच नसतो. हे एकाच नोंदीत होऊ शकतं: नवं कार्ड उघडेपर्यंत जुन्यावरचं नाव तसंच ठेवायचं आणि ज्या क्षणी तिकडे चढेल त्याच क्षणी इकडून उतरवायचं. बँकेत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात तेव्हा मध्ये दीड महिना ते हवेत नसतात.

आणि या फटीत कोण जास्त अडकतं ते मी रोज पाहतो. वाटण्या वर्षात पाच-दहा होतात. लग्नं शेकड्यांनी होतात. मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायला बाप लगेच येतो, रीत म्हणून. सासरच्या कार्डावर ते चढतं सवडीनं, कधी पहिलं बाळ झाल्यावर. म्हणजे तरुण बाई जेव्हा पहिल्यांदा गरोदर असते, नेमकी तेव्हाच ती दोन्ही घरांच्या कार्डावर नसते.

फेब्रुवारीपासून मी एक वही ठेवली आहे. नाव कमी केल्याचा दाखला दिला की त्यात तारीख लिहितो आणि पुढच्या रकान्यात नव्या कार्डाचा नंबर. रकाना रिकामा असेल तर दर शुक्रवारी फोन करतो. अर्जात आता माझा नंबर टाकत नाही. ज्याचा नंबर आधारला जोडलेला नाही त्याला आधी आधार केंद्रावर पाठवतो, तो चिडला तरी.

परवा एक गृहस्थ आले, मुलीचं लग्न मे महिन्यात झालं, नाव कमी करून द्या म्हणाले. मी विचारलं, सासरी अर्ज दिला का? नाही. मुलगी कुठे आहे? माहेरी आली आहे, पाचवा महिना आहे. मी अर्जाचं पान बंद केलं आणि जावयाचा फोन नंबर मागितला. तिच्या घरच्यांशी बोलून सासरच्या कार्डाचा नंबर वहीत लिहून घेतला आहे. तिचं नाव अजून वडिलांच्या कार्डावरच आहे.